मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वीणा दुरुस्ती आणि तंबोरा खरेदी

वीणेची दुरुस्ती : 5 पैकी 5. नवा तंबोरा : 5 पैकी 4. दिलेली तारीख पाळणं : 5 पैकी 2. तंबोऱ्यासोबत आलेली गवसणी (वाद्याची कापडी खोळ) : शून्य देता येत नाही म्हणून 1.

मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळाचा जमाखर्च माझ्याकडं असतो, म्हणून वीणेचं काम माझ्या गळ्यात पडलं. तंबोरा मात्र घरचा, नातीसाठी घेतलेला. दोन्ही कामं एकाच दुकानात केली. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही. गल्लीत एकाला लागून एक दुकानं, कितीतरी पाट्यांवर आडनाव एकच, आणि सगळे एकमेकांचे चुलते-पुतणे. दुकानाचे मालक, त्यांना सगळे चाचा म्हणतात, ते स्वतःच म्हणाले, "माझ्या एकट्याचं नाव छापू नका माऊली. रात्री घरी पुतण्यांच्या दारावरनंच जायचं असतंय." तेव्हा तुम्हीच जा, चार दुकानांत तारा छेडून बघा.

आधी वीणेचं सांगतो.

मंडळाची वीणा जुनी, माझ्या वडलांच्या आधीपासूनची. एका कीर्तनाला जाताना जीपच्या दाराला थडकली आणि भोपळ्याला चीर गेली, पार दांडीच्या सांध्यापासून पोटापर्यंत. कुणीतरी हुशारी करून वरनं एमसील थापलं. आवाज बसला तो बसलाच. त्यात सप्ताह तोंडावर. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत. पहारे लावलेले असतात. रात्री अडीचलासुद्धा एकाच्या गळ्यातनं दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीवर नाही. त्यामुळं वीणा नाही म्हणजे सप्ताह नाही, इतकं ते सरळ आहे.

देवळात बैठक बसली. मी म्हटलं, उद्याच्या गाडीनं मिरजेला नेतो. तर आमच्यातले एक जण (नाव कशाला, रोज काकड्याला भेटतात) म्हणाले, "देवाची वीणा त्यांच्याकडं कशाला? आपल्या माणसाकडं द्या." असली भाषा आमच्याकडं पूर्वी नव्हती असं मी म्हणणार नाही, पण ती देवळात, मोठ्यानं, सगळ्यांसमोर होत नव्हती. अलीकडं होते. जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरनं दगडफेक झाली, सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला जमाव मशिदीत घुसला आणि एका माणसाचा जीव गेला. त्या सगळ्या काळात यांच्याकडनं हे घेऊ नका, त्यांच्याकडनं ते घेऊ नका, असल्या याद्या आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही येऊन पडायच्या. एकादशीच्या शुभेच्छा आणि त्याखाली ही यादी.

मी वाद घातला नाही. म्हटलं, तुमचा आपला माणूस शोधून द्या, मी त्याच्याकडं जातो. त्यांनी इमानदारीत दोन ठिकाणी फोन लावले, एक कोल्हापूरला, एक पुण्याला. दोन्हीकडनं उत्तर एकच आलं : भोपळ्याचं काम असेल तर आम्ही मिरजेलाच पाठवतो, वर आमचा खर्च वेगळा. यावर आमचे ऐंशीच्या घरातले वीणेकरी आण्णा एवढंच बोलले, "तुकोबारायांची पालखी देहूतनं निघाली की अनगडशाबाबाच्या दर्ग्यापाशी थांबती, तिथं आरती हुती. तुमचं शास्त्र तुकोबांपेक्षा मोठं असंल तर ऱ्हाऊ दे." बैठक उठली. तक्रारदारांचं मन वळलं असं समजू नका. सप्ताहात त्यांनी आपला पहारा चोख दिला, पण दुरुस्तीची वर्गणी अजून माझ्या वहीत बाकी दिसते.

दुकान म्हणजे पुढं दहा बाय बाराची खोली आणि मागं कारखाना. भिंतीला दांड्या टांगलेल्या, कोपऱ्यात वाळलेल्या भोपळ्यांची चळत, स्पिरिट आणि चपड्याचा वास. बसायला एक बाकडं. चहा विचारतात, आणि तो खरोखर येतो. चाचांनी वीणा मांडीवर घेतली, भोपळ्यावर बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत चिरेपर्यंत आले, एमसीलपाशी थांबले. "हे कुणी लावलं?" मी म्हटलं, मंडळानं. "मंडळानं लावलं म्हंजे कुणीच लावलं न्हाई," म्हणाले, आणि ते खरवडायला पोराकडं दिलं. भोपळा बघून सांगितलं की माल पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. हे भोपळे खायचे नाहीत, वाद्यासाठीच त्या भागातले शेतकरी पिकवतात आणि वाळवून ठेवतात. म्हणजे विठोबाच्या दारचा भोपळा मिरजेला येतो, चाचांच्या घरात त्याची वीणा होते आणि आषाढीला पुन्हा पंढरपूरला जाते. हा प्रवास मला नोकरीत ठाऊक असायला हवा होता, कारण टपावर भोपळ्याची पोती किती वेळा चढवली असतील! तेव्हा फक्त लगेजचं तिकीट फाडलं.

दुरुस्ती अशी झाली : तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी झाकणी, उघडली. आतल्या बाजूनं चिरेवर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी बसवली. वरनं लाकडाचा भुसा भरून घासला, मग चपड्याचं पॉलिश, हात फिरवला तर चीर लागत नाही. डोळ्याला दिसते, ती त्यांनी लपवली नाही आणि लपवण्याचे पैसेही लावले नाहीत.

घोडी झिजलेली होती, तीही बदलली. घोडी म्हणजे तबलीवरचा तो छोटा पाट, ज्याच्यावरनं तारा जातात. सतारीला, तंबोऱ्याला हाडाची किंवा शिंगाची घोडी घालायची जुनी पद्धत आहे. मी काही विचारलेलं नव्हतं. चाचाच म्हणाले, "ही माळकऱ्यांच्या गळ्यात जायची चीज. हिला शिसवीची घातलीय. वारकऱ्यांच्या वीणेला आमच्याकडं हाड लागत न्हाई, अब्बाच्या टायमापासनं." मी होय म्हटलं आणि पुढचं बोलायचं सुचलं नाही. आमच्या मंडळात इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यातसुद्धा हा प्रश्न आला नव्हता, आणि तो त्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी सुटलेला होता.

मग जवारी, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवणं. ही बघायला तरी जाच, खरेदी करायची नसली तरी. तार घोडीवर सपाट टेकून चालत नाही आणि नुसती टोकावर टेकूनही चालत नाही. पृष्ठभागाला इतका बारीक उतार लागतो की तार थरथरताना घोडीला जाता-येता स्पर्श करत राहील. त्या स्पर्शानं सुरातले बाकीचे सूर उमलतात. चाचा कानशीनं दोनदा घासायचे, फुंकर मारायचे, तार चढवायचे, छेडायचे, मान हलवायचे, तार उतरवायचे. पुन्हा दोनदा. एक रेघ जास्त गेली की सगळं पहिल्यापासनं. मधेच मला विचारलं, "पेटी कुठल्या पट्टीची?" म्हटलं, काळी दोन. "मग गडी वरडत असतील," म्हणाले. बरोबर आहे, पट्टी उंच पडते, ओरडतात. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला, नखानं पाव इंच पुढं, थोडा मागं, आणि एका जागी तो आवाज अचानक खोलीभर पसरला. त्याच वेळी जवळच्या मशिदीतनं बांग सुरू झाली. त्यांनी तारेवर हात ठेवला. मला वाटलं नमाजाला उठतील. तर म्हणाले, "बांग एका सुरात, तार दुसऱ्या सुरात. कान बिघडतो. संपू द्या, मग बघू." बांग संपली, पंचम लावला, मग उठून नमाजाला गेले. पोरानं तोवर माझं बिल लिहिलं : सगळं मिळून 3,800 रुपये.

काम सप्ताहाच्या आत होणार नव्हतं हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि भिंतीवरची दुसरी वीणा काढून हातात दिली होती. अनामत नाही, चिठ्ठी नाही. "सप्ताह उरकला की आणून द्या, आन् खाली ठेवू नका म्हंजे झालं." 5 पैकी 5 त्यासाठी आहेत.

आता जरा वेगळं. मिरजेबद्दल लिहायचं आणि 2009 गाळायचं, हे मला जमणार नाही. त्या सप्टेंबरात, ऐन गणपतीत, स्वागत कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरनं वाद पेटला. दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. लोण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेलं. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. ज्यांना हिशेब करायचा त्यांनी करावा. मी त्या काळात सांगली-मिरज फेऱ्यांवर होतो. ज्या रस्त्यावर रोज मिनिटा-मिनिटाला गाडी, तो रस्ता मोकळा पडलेला मी पाहिला आहे. आमच्याच डेपोत चहाच्या टेबलाचे दोन भाग झाले होते, आणि कुणी तसं ठरवलं नव्हतं.

चाचांना मी विचारलं, तेव्हा तुमचं कसं झालं? ते कानशीवरनं नजर न काढता म्हणाले, दुकान बंद. आत तंबोऱ्यांना पॉलिश ओलं होतं, तसंच राहिलं, सगळ्यावर धूळ बसली, पुन्हा उतरवावं लागलं. थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "फोन लई आले. पुण्या-मुंबईचे गवई, बेळगाव-धारवाडचे. सुखरूप हाय का विचारायला. पलीकडच्या पेठेतनं कुणाचा आला न्हाई. नंतर आले सगळे. त्या आठवड्यात न्हाई आले."

म्हणून मला बंधुभावाच्या दरवर्षीच्या ठरलेल्या बातम्यांबद्दल थोडं बोलायचं आहे. आमच्या भागात अशा जागा खूप आहेत. वाळवा तालुक्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो. कुरुंदवाडला मशिदींत बसतो. कडेगावच्या मोहरमातले उंच ताबूत बघायला सगळ्या जातीधर्माची गर्दी लोटते, आणि त्यातले कितीतरी हिंदूंचे असतात. हे खरं आहे, चांगलं आहे, मी स्वतः बघितलं आहे. पण त्या फोटोंवर जगाचं भागतं आणि आपण सुटतो. फोटो वर्षातनं एकदा येतो. तोच वाचक दुसऱ्या दिवशी ती यादी पुढं ढकलतो. चाचांच्या दुकानात बंधुभावाची पाटी नाही. कॅलेंडर दोन आहेत, एक चांद बघायचं, एक एकादशी बघायचं. दुसरं धंद्यासाठी, कारण आषाढी-कार्तिकीच्या आधी वीणांची रांग लागते. मला हे जास्त खात्रीचं वाटतं. गरज दोन्हीकडनं असली की माणसं हिशेबानं वागतात, आणि हिशेबात चाळीस-पन्नास वर्षं गेली की हाडाची घोडी न घालण्यापर्यंत गोष्ट जाते. ते पुरेसं आहे का? 2009 ला तर नव्हतं. या गल्लीत तेव्हाही तंबोरेच बनत होते.

गल्लीचा इतिहास थोडक्यात. शिकलगार घराणं आधी हत्यारांना धार लावणारं. पटवर्धनांच्या संस्थानात 1850 च्या आसपास हत्यारांचं काम आटलं तसे फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडं वळले, आणि त्यांच्यापासनं हा धंदा वाढला. गाणारेही इथं होतेच. विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले, आणि 1931 मध्ये मिरजेतच वारले. माझी नात ज्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देते ती परंपरा त्यांचीच. दुसरीकडं उत्तरेतल्या कैराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले, 1937 मध्ये प्रवासात गेले, आणि त्यांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, त्यांच्या नावानं रात्र रात्र गाणं चालतं. आणि त्याच उरुसात मानाचा पहिला गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा. हे मी वाचलेलं सांगत नाही, उरुसाच्या जादा गाड्यांवर ड्यूटी केली आहे. ड्यूटी संपली की मी आणि चालक दोघंही खाकीतच गाणं ऐकायला बसायचो. उठवलं कुणीच नाही.

तंबोऱ्याकडं येतो. बायकी मापाचा, तूनच्या लाकडाचा, काळी चारला लावून घेतला. 34,000 रुपये. भोपळे तीन-चार समोर ठेवून निवडू दिले, हे आवडलं. आवाज उत्तम, घुमतो पण गुरगुरत नाही. नातीच्या बाईंनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकला आणि "मिरज" एवढंच म्हणाल्या. कडेची वेलबुट्टी डाव्या बाजूला किंचित वाकडी आहे, मला दिसते, तिला दिसत नाही.

एक गुण कापला तो खुंट्यांसाठी. उन्हाळ्यात सरकतात. फोन केला तर म्हणाले खडू लावा. लावला, थांबल्या. पण 34,000 च्या वाद्याला खडू मी लावायचा, हे काही पटलं नाही.

तारखेचं मात्र कठीण आहे. दिवाळीत देतो म्हणाले, हातात पडला पौषात. आधी पाऊस, भोपळा सुकला नाही. मग हवा दमट, पॉलिश धरत नाही. मग घरातलं लग्न. पहिली दोन कारणं खरी, हे मला नंतर दुसऱ्या दुकानातही कळलं. लग्नाची तारीख मात्र तंबोरा बुक करताना ठरलेली होती, ते आधी सांगता आलं असतं. मी तसं तोंडावर बोललो. वाहकाचा आवाज आहे, चढतो. चाचाही चढले. पोरगा मधे पडला. पाच मिनिटांनी चहा आला. मंडळात ही गोष्ट सांगितली तर त्या तक्रारदारांनी लगेच, "मी म्हणत नव्हतो?" केलं. त्यांना म्हटलं, तुमच्या भाच्यानं माझं किचनचं फर्निचर आठ महिने लटकवलं, तेव्हा मी कुठल्या धर्माला बोल लावू?

गवसणीबद्दल : चेन पहिल्याच आठवड्यात गेली, आतलं अस्तर उसवलं. ती बाहेरनं घेतात, स्वतः शिवत नाहीत, म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. पण फुकट म्हणून देऊ नये, असं माझं मत आहे. तुम्ही शिंप्याकडनं जाड कापडाची शिवून घ्या, भोपळ्याच्या बाजूला स्पंज घालायला सांगा.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भाव त्यामुळं वाढला का, विचारलं. पोरगा म्हणाला, लाकडानं वाढला, मानांकनानं अजून काही दिलेलं नाही. त्याचा धाकटा भाऊ पुण्यात नोकरी करतो, या कामात नाही. मोबाईलमध्ये तंबोरा फुकट वाजतो, गिऱ्हाईक तेच सांगून भाव पाडून मागतं. माझी नातसुद्धा रोजच्या रियाजाला मोबाईलच लावते, खरा तंबोरा रविवारी.

जाणाऱ्यांसाठी : मिरज स्टँडवरनं रिक्षानं जवळच, नुसतं सतारमेकर गल्ली म्हटलं तरी सोडतात. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. आषाढीच्या आधी महिनाभर नव्या वाद्याचं बोलूच नका, दुरुस्तीच्या वीणांनी बाकडंसुद्धा भरलेलं असतं. जवारी करून घ्यायची तर पावसाळा टाळा. गायकाला बरोबर न्या, नाहीतर निदान त्याची पट्टी विचारून जा. एसटीनं आणणार असाल तर तारा उतरवून आणा आणि वाद्य टपावर किंवा रॅकवर टाकू नका, शेवटच्या बाकावर मांडीत धरून बसा. वाहकानं लगेजचं तिकीट मागितलं तर काढा, त्याचा हक्क आहे. आणि मंडळाचं काम असेल तर पक्कं बिल मागून घ्या. आपणहून देत नाहीत, मागितलं की मंडळाच्या नावानिशी, शिक्क्यासकट देतात.